अर्ध्या काडीचं अंतर

"अर्धी! विठा, अगं अर्धीच काडी उरली!"

महिपती ओसरीवरून ओरडला आणि चुलीपाशी भाकरी थापणारी विठा पिठाच्या हातांनी तशीच बाहेर धावली.

ओसरीच्या खांबाला पाठ लावून गोदू उभी होती. उजवा हात डोक्यावरून घेऊन तिनं तो डाव्या कानाकडे ताणला होता, इतका की तोंड लालबुंद झालं होतं. बोटाचं टोक आणि कान यांच्या मध्ये महिपतीनं काडेपेटीतली एक काडी धरली होती. गूल कानाला टेकलं होतं आणि बोट काडीच्या बरोबर मध्यावर येऊन थांबलं होतं.

"मान वाकडी केली असंल तिनं," विठा म्हणाली. आनंदावर एकदम विश्वास ठेवायचा तिला धीर होत नव्हता.

"नाय गं आई! हनुवटी बघ माझी, सरळ हाय!" गोदू दात आवळून म्हणाली.

महिपतीनं काडी तिथंच कट्‌कन मोडली आणि गुलाचा अर्धा तुकडा दाराच्या चौकटीतल्या फटीत खोचून ठेवला. तो अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात कामाला होता. रोज कुळगावाहून सायकल हाणत जायचा आणि रोज हजारो काड्या बघायचा, त्यामुळे जगातली कुठलीही लांबी काड्यांत सांगायची त्याला खोड लागली होती. मिरची दीड काडी, पाल दोन काड्या, आणि गेल्या जूनमध्ये गोदूच्या बोटापासून कानापर्यंतचं अंतर दीड काडी. होळीला ते एक काडी झालं होतं. आता शाळा सुरू व्हायला आठ दिवस उरले होते आणि राहिली होती अर्धी.

त्या काळी गावाकडे जन्माचा कागद फारसा कुणाजवळ नसायचा. मग शाळेत नाव घालायला पोर आणलं की गुरुजी त्याला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. कान हाताला लागला, तर सहा वर्षं पुरी झाली. नाही लागला, तर पुढच्या वर्षी या.

गोदूचा जन्म विठाच्या माहेरी झाला होता, उल्हास नदीपलीकडच्या पाड्यावर. स्वातंत्र्य मिळालं त्याच साली, गौरी जेवल्या त्या दिवशी. नोंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पोर जन्मली तेव्हा सुपात ठेवली, तर नुसतं सूपच दिसावं एवढीशी. पुढं खायची-प्यायची नीट, जांभळीच्या शेंड्यापर्यंत चढायची, पळायला लागली की वासरूसुद्धा मागं पडायचं. पण उंची म्हणाल, तर शेजारची सखू तिच्याहून पंधरा दिवसांनी धाकटी असून डोकंभर वर गेली होती. सखूचा हात गेल्याच वर्षी कानाला लागला. ती आता रोज संध्याकाळी अंगणात बसून मोठ्यानं धडा वाचायची आणि गोदू कुंपणापलीकडून तोच धडा तिच्याहून मोठ्यानं म्हणायची.

एक वर्ष थांबायला विठाची ना नव्हती. पण तिला आता सहावा महिना होता आणि थोरल्या नणंदेनं, इंदुबाईंनी, सरळच सांगून टाकलं होतं.

"औंदा घेतली शाळेत तर घेतली, विठा. पुढल्या साली नाय. पाळणा हलवायला घरात पोर लागंल. तू शेतावर गेलीस की मी एकटी किती बघू?"

त्यात इंदुबाईंचं काही वाईट नव्हतं. घरोघर तसंच चालायचं. विठानं स्वतः तीन भावांचे पाळणे हलवले होते आणि तिसरा पाळणा रिकामा होईतो तिच्या लग्नाचं वय झालं होतं. आजही कागदावर अंगठा उठवताना तिला वर बघवत नसे. म्हणून यंदा नाही म्हणजे कधीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वर्षभर ती झटत होती. सकाळी नाचणीची पेज, दुपारी तेल लावून दंड चोळणं, आणि संध्याकाळी आंब्याच्या फांदीला वीस आकडे मोजेपर्यंत लोंबकळणं.

"अगं, फांदी लांब होईल, पोर नाय!" महिपती हसायचा, पण वीस आकडे तोच मोजायचा, आणि अठरावर आला की मुद्दाम सावकाश.

रविवारी दोघी मायलेकी उल्हासनगरला निर्वासितांच्या कॅम्पात फ्रॉक घ्यायला गेल्या. सिंधी शेठच्या त्या दुकानात छतापासून जमिनीपर्यंत फ्रॉकच फ्रॉक लटकले होते. गोदूची मान वर ती वरच राहिली.

"कितने साल की है? चार?" शेठनं विचारलं.

"सात!" विठा ताडकन म्हणाली. "सातवं सरत आलंय!"

"सात? क्यों मज़ाक करती हो, बाई?" त्यानं चार वर्षांच्या मुलीचा निळा फ्रॉक काढून गोदूच्या अंगाला लावला. तो अगदी बेताचा बसत होता. विठानं तो बाजूला सारला.

"सातवाला दाखव."

सात वर्षांचा फ्रॉक गोदूच्या घोट्यांपर्यंत आला. "इसमें तो ऐसी दो बैठेंगी!" शेठ म्हणाला. गोदूला फ्रॉकमध्ये बसलेल्या दोन गोदू दिसल्या आणि ती खदाखदा हसली. हसली तशी वरच्या दातांतली मोकळी जागा दिसली. गल्ल्यावरच्या शेठाणीनं टाळी वाजवली. "अरे देखो, बोखी दादी! कितनी नन्ही है!"

सगळं दुकान हसलं. गोदूही हसली. विठाचे मात्र कान तापले. तिनं मोठा फ्रॉकच बांधून घेतला आणि रस्त्याला लागताच बजावलं, "गोदू, उद्या गुरुजींसमोर तोंड उघडायचं नाय. दातातली ती खिंड दिसली की तू अगदीच बाळ वाटतेस."

"मंग नाव विचारलं तर?"

"मी सांगीन."

"आणि हसू आलं तर?"

"गिळायचं!"

सोमवारी महिपतीनं दुसरी पाळी मागून घेतली. तिघं शाळेत पोचली तेव्हा पडवीत पोरांची रांग लागली होती, सखूही मजा बघायला आली होती, आणि एकेक हात डोक्यावरून जात होता. विष्णुपंत गुरुजी तीस वर्षं शिकवत होते. बोलणं सावकाश, टोपीवर खडूची बोटं उठलेली. पोर रडलं तर ते थांबायचे, त्याचं रडू संपेपर्यंत दौतीचं बूच पुसत बसायचे, आणि मग पुन्हा पहिल्यापासून विचारायचे.

गोदूची पाळी आली. ती फ्रॉकचा घेर दोन्ही मुठींत धरून पुढं झाली.

"ये बाळ. घे हात डोक्यावरून."

गोदूनं हात घेतला. महिपतीचे ओठ वीस आकडे मोजल्यासारखे हलू लागले. बोट केसांवरून सरकलं, कानाजवळ आलं, आणखी थोडं, आणखी थोडं, आणि थांबलं. अर्ध्या काडीचीही अर्धीच उरली होती!

"तेल लावलंय का डोक्याला? पुसून पुन्हा घे," गुरुजी म्हणाले. पुन्हा घेतला. पुन्हा तिथंच थांबला.

"गुरुजी, स्वातंत्र्याच्या सालातली हाय हो," महिपती म्हणाला.

"महिपती, माझ्याकडे येणारं प्रत्येक पोर त्याच सालातलं असतं. कालचं एक तर रांगत होतं." रांगेतले लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. "मी नाव घातलं असतं रे. पण गेल्या वर्षी साहेब तपासणीला आले आणि लहान म्हणून चार नावं खोडून गेले. पोरांची दप्तरं परत करताना मला फार जड गेलं." ते गोदूकडे वळले. "नाव काय तुझं?"

गोदूनं आईकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले.

"गोदू," विठा म्हणाली.

"तिला सांगू द्या. काय गं, वडिलांचं नाव काय?"

गोदूनं गाल फुगवले, पण ओठ सोडले नाहीत.

"बोलत नाही अजून?" गुरुजींच्या कपाळाला आठी पडली. "मग विठाबाई, मला वाटतं पुढच्या वर्षीच आणा." आणि त्यांनी टाक खाली ठेवला.

विठाला पाळण्याची दोरी दिसली, तिचं एक टोक गोदूच्या हातात. तेवढ्यात समोरून असा काही आवाज फुटला की पडवीतली चिमणी उडाली.

"मला येतं बोलायला! आईनं सांगितलंय दात दाखवू नको म्हणून! गोदू महिपती, राहणार कुळगाव! सखूचा आख्खा धडा पाठ हाय मला!"

गुरुजी पुढं वाकले. "दात?" ते म्हणाले. "कसले दात?"

"गुरुजी, दात पडलाय तिचा," विठा ओशाळून म्हणाली. "बोखी दिसते. अजूनच लहान वाटते, म्हणून मीच..."

पण गुरुजी उठले होते. खुर्ची मागं पडली, तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. गोदूला दंडाला धरून त्यांनी खिडकीच्या उजेडात नेलं. "आ कर. मोठा!"

गोदूनं जबडा असा उघडला की फ्रॉकसकट आत जाता यावं.

"वरचा पडलाय. शेजारचा हलतोय. आणि खालचे दोन..." गुरुजींचा आवाज चढला. "अरे, खालचे दोन नवे आहेत! सखू, इकडे ये. आणि मघा रांगेत होता तो नाथा, त्यालाही आणा."

तिघं पोरं खिडकीशी आ करून उभी राहिली. रांग मोडली, आयाबाया वाकून बघू लागल्या. गुरुजी शिकवायच्या भरात आले होते.

"हा नाथा, पाच वर्षांचा. दात बघा, बारीक, कड सपाट. हे दुधाचे. आता ही सखू. खालच्या दातांची कड बघा, करवतीसारखी आहे ना? नवा दात असाच येतो. आता गोदूचे बघा. आहे करवत?"

"हाय! हाय!" सगळी रांग ओरडली.

"आणि मागं ही दाढ. ही साधारण सहा वर्षांची झाल्यावर येते. हाताला लांब व्हायला उशीर लागला असेल, पण चार वर्षांच्या पोरीच्या तोंडात ही दाढ कुठून येणार?" ते विठाकडे वळले. "पहिला दात कधी पडला, आठवतं?"

विठाला कुणी वर्ष विचारलं की ती गोंधळायची. पण हे तिला कुणी विचारलंच नव्हतं आजवर.

"कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी," ती भराभर बोलू लागली. "भात कापायला घेतलं होतं. बांधावर पेरू खाताना पडला. मीच कौलावर टाकला. दुसरा दिवाळीत, चकलीत अडकून आला. ती चकली हिनं तशीच खाल्ली. नवा दिसला तो संक्रांतीला. आणि वरचा होळीला, बोंब मारताना उडाला, तो राखेत शोधला आम्ही. दाढेनं तर चैत्रात चार रात्री झोपू दिलं नाय."

"हे सगळं कुठं लिहून ठेवलंय?"

"लिहून कशाला? मी आई हाय तिची."

गुरुजी खाली बसले. बसताना खुर्ची नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. महिपतीनं ती वेळेवर सरकवली म्हणून निभावलं.

"तीस वर्षं मी हातच बघत आलो," ते म्हणाले आणि त्यांनी टाक उचलला. "साहेब आले की मी त्यांच्यापुढे हिलाच उभी करणार. गोदू, साहेबांसमोर आ करशील ना?"

"आऽऽऽ!"

बाकीच्या पोरांना ते सरसकट एक जून ही जन्मतारीख घालत. गोदूसाठी मात्र त्यांनी कपाटातून जुनं पंचांग काढलं, त्यातली गौरीपूजनाची तारीख बोटानं शोधली आणि तीच लिहिली. मग फ्रॉककडे बघून म्हणाले, "दुसरीपर्यंत पुरेल हा. ऐसपैस घेतलात."

घरी येईपर्यंत गोदू अर्ध्या गावाला दात दाखवून आली होती. इंदुबाई दारातच उभ्या होत्या.

"घेतली?"

"घेतली, वन्सं!"

"मंग पाळणा कोण हलवील?"

"आक्का, दोरी लांब बांधू," महिपती म्हणाला. "गोदू शाळेतूनच ओढंल."

इंदुबाईंना हसू आलं. ते लपवायला त्यांनी पदर तोंडाला लावला. "मेल्या, मी काय मेलेय का अजून? मी हलवीन. पण हिनं मला सखूसारखं वाचून दाखवलं पाहिजे, सांगून ठेवते."

गोडाचा शिरा करायचा होता आणि काडेपेटी नेमकी रिकामी निघाली. कारखान्यात हजारो काड्या बघणाऱ्याच्या घरात एक काडी नाही म्हणून महिपती डोकं खाजवू लागला. विठानं चौकटीतल्या फटीतून ती अर्धी काडी काढली, रिकाम्या पेटीवर ओढली आणि बोटं पोळायच्या आत चुलीला लावली.

चूल पेटली. ओसरीवर गोदू ओरडत होती, "हजर! हजर! हजर!"