खाली लाल दिसत नाही

सूरजचा पाण्याखाली लावायचा मास्क तांदळाच्या डब्यात खुपसताना विमलाबाईंना काडीचंही वाईट वाटलं नाही. उलट वरून दोन वाट्या तांदूळ जास्तच ओतले. मास्क नाही तर बुडणं नाही, बुडणं नाही तर अंदमान नाही, आणि अंदमान नाही तर पोरगा इथे मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये, डोळ्यांसमोर. इतकी साधी गोष्ट आजवर कशी सुचली नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

सूरज अंदमानात टुरिस्टांच्या पाठीवर हवेची टाकी बांधायचा आणि त्यांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवायचा. दीड वर्षाने घरी आला होता आणि परवा निघणार होता. त्याचे वडील बाबाजी काशीगावला टाइल्सच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर. या नोकरीवर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, की पूर्वी काळ्या पाण्यावर इंग्रज पाठवायचा, हा स्वतः तिकीट काढून गेला. रत्नागिरीकडच्या त्यांच्या घराण्यात बुडालेले पुष्कळ होते, पण बुडण्याचा पगार घेणारा हा पहिलाच.

बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं की विमलाबाई म्हणायच्या, मुलगा पाण्यात आहे. मीरा रोडला पाण्यात असणं म्हणजे टँकरचा धंदा. सूरज आल्याची बातमी लागताच सोसायटीचे सेक्रेटरी पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर. "भाभी, लडका पानी के लाइन में है ना? मे महिने में दो टँकर एक्स्ट्रा बोल दो." सूरजने त्यांना बसवून समजावलं की काका, माझ्याकडचं पाणी खारं आहे. सेक्रेटरींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, चलेगा, फ्लश के लिए.

हे असलं सगळं विमलाबाईंनी सोसलं असतं. पण संध्याकाळी भाकऱ्या थापताना त्यांचा हात आपोआप तिसऱ्या माणसाच्या भाकरीचं पीठ घ्यायचा. दीड वर्ष घेत होता. ती भाकरी सकाळी बाबाजी चहात बुडवून खायचे आणि म्हणायचे, बघ, ही पण पाण्यातच गेली.

मास्क गायब झाल्यावर सूरजने घर उलटंपालटं केलं. दिवाण उचलला, माळा उपसला, देव्हाऱ्यामागे हात घातला. विमलाबाईसुद्धा शोधत होत्या, अगदी मनापासून. नवा घे की, असं बाबाजी म्हणाले, तेव्हा सूरजने सांगितलं की साधा कुठेही मिळेल, पण याची काच गुलाबी आहे, ती सिंगापूरहून मागवली होती, आणि तिच्याशिवाय मी खाली जात नाही. विमलाबाईंनी पदराआड देवीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सूरज सकाळीच स्टेशनच्या बाजूला गेला, खेळाच्या सामानाची दुकानं पालथी घालायला. बाबाजी बाथरूममध्ये शिरले. भाताला तांदूळ घ्यायचे म्हणून विमलाबाईंनी डबा उघडला आणि मास्क हातात आला. काळं रबर, काच गुलाबी. या काचेत असं आहे तरी काय, की पोराला आईपेक्षा ती लागते? त्यांनी तो तोंडावर चढवला. पट्टा अंबाड्यात अडकला, पण बसला.

सगळं घर गुलाबी झालं. ओट्यावरचं दूध सरबतासारखं दिसायला लागलं. विमलाबाईंना गंमत वाटली. त्या शोकेसच्या आरशासमोर गेल्या आणि जागच्या जागी थिजल्या. कपाळ कोरं होतं. सकाळी आंघोळ करून लावलेलं कुंकू कुठे दिसेना. सगळं तोंड लालसर, त्यात कुंकवाची जागा ओळखूच येईना.

"अहो," त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. उत्तर नाही, कारण बाबाजींचं तोंड मिश्रीने भरलेलं होतं. मग विमलाबाई दारावर दोन्ही हातांनी धडाधडा बडवायला लागल्या. बाबाजींनी टॉवेल सावरत कडी काढली, तर समोर बेडकाच्या डोळ्यांची, केसांत तांदूळ अडकलेली एक बाई उभी. ते मिश्रीसकट खाली पाटावर बसले. बाई त्यांच्या छातीला हात लावून बघायला लागली, तसे ते आणखी घाबरले.

नेमका तेव्हाच लॅच उघडून सूरज आत आला.

आता बोंब होणार, असं विमलाबाईंना वाटलं. पण सूरज हसत सुटला. हसता हसता त्याने आईच्या तोंडावरून मास्क सोडवला, नाकाच्या खोबणीतले तांदूळ तळहातावर काढले आणि तिला आरशासमोर उभं केलं. कुंकू जागेवर होतं.

"काचच तशी आहे, आई. खाली लाल दिसत नाही, म्हणून ही लावायची."

त्याने सांगितलं की खोल जायला लागलं की पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. लाल मासा मातकट दिसतो. बोट कापलं तर रक्त हिरवं दिसतं. ही काच निळा-हिरवा अडवते आणि लाल थोडा परत आणते. पण ती पाण्यातच चालते, घरात लावली तर असंच होणार.

"मासे मातकट दिसले तर तुझं काय जातं?" विमलाबाई म्हणाल्या. "तुला कुठे ते शिजवायचेत?"

सूरजने मनगट पुढे केलं. त्यावर लाल दोरा होता. शिमग्याला गावच्या देवीच्या पायाला लावून त्यांनीच आणलेला, पोस्टाने पाठवलेला.

"हा खाली काळा दिसतो," तो म्हणाला. "पहिल्यांदा बघितला तेव्हा कसंतरीच झालं. म्हणून काच मागवली."

मोरीत जाऊन विमलाबाईंनी मास्क धुतला, पदराने पुसला आणि स्वतःच त्याच्या बॅगेजवळ आणून दिला. सूरजने तो उलटा धरला आणि आत थुंकला.

"अरे, थुंकतोस काय?"

"थुंकलं की काचेवर वाफ धरत..." सूरज बोलता बोलता थांबला.

"दृष्ट लागू नये म्हणून ना?"

त्याने आईकडे बघितलं. "हो. तेच."

"मग स्वतःची दृष्ट स्वतः काढतात होय?" त्यांनी मास्क ओढून घेतला आणि तीनदा थू थू केलं. बाबाजी लांबून म्हणाले, बास, समुद्राची पातळी वाढेल.

सूरज अंदमानला परत गेला. चार दिवसांनी बाथरूमची साबणदाणी घासताना तिच्याखाली विमलाबाईंना लाल दोरा सापडला. गाठ सुटलेला, साबणाने बुळबुळीत झालेला. बराच वेळ त्या नळ चालू ठेवून तशाच उभ्या राहिल्या, आणि मीरा रोडचं एवढं पाणी वाहून गेलं.

रविवारी त्याचा फोन आला. जेवणखाण झालं, बाबांचं झालं, सेक्रेटरींच्या टँकरचं झालं. मग विमलाबाईंनी विचारलं, "दोरा दिसतो का रे खाली?"

पलीकडून समुद्राचा आवाज आला, किंवा लाइनच तशी.

"दिसतो ना," सूरज म्हणाला. "लालभडक."

विमलाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या हाताच्या मनगटावर तोच दोरा होता. धुण्याच्या पावडरने गुलाबी पडत चाललेला.

"बरं," त्या म्हणाल्या. "काढू नकोस हां."

"नाही काढत."