ताहिती रूमच्या देवाचे डोळे

शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता वसुमतीबाईंनी लेकीच्या फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्याजोगं नाही. बाई चौऱ्याहत्तर वर्षांची. बंगळूरच्या जयनगरात चौथ्या ब्लॉकात तीस वर्षं राहिलेली, भजनात पुढच्या रांगेत बसणारी. काव्या दचकलीच. तिला वाटलं होतं, आईला आनंद होईल.

फोटोत सात फुटी लाकडी मूर्ती होती. निम्म्या अंगाचं तोंड, बाहेर आलेली जीभ, पोटावर टेकलेले दोन्ही हात. खाली लिहिलं होतं, 'ताहिती रूम: आठवणींचं प्रदर्शन, बेळ्ळंदूर'. ही मूर्ती काव्याच्या वडिलांनी, नरसिंह यांनी, पन्नास वर्षांपूर्वी फणसाच्या लाकडात कोरली होती. त्यांना जाऊनही आता पंधरा वर्षं झाली. आणि आता त्या मूर्तीला डोळे होते. पांढऱ्या शिंपल्यांचे, काळ्या बुबुळांचे, टक्क उघडे.

"कुणी केलं हे?" वसुमतीबाई ओरडल्या. "कुणाचा हात चालला? यांनी जन्मभर जे केलं नाही ते कुण्या टिकोजीरावानं करून टाकलं?"

"आई, स्वल्प हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! ऊठ. रजा टाक. आत्ता जायचंय तिथे."

ताहिती रूम हे एक हॉटेल होतं, रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्लीत. अमेरिकेत म्हणे त्या काळी असल्या हॉटेलांचं वेड होतं. टिकी म्हणायचे त्याला. दूरच्या समुद्रातल्या बेटांवरचे देव उचलून आणायचे, बारमध्ये उभे करायचे, वेताच्या खुर्च्या टाकायच्या आणि त्या देवांच्या तोंडांच्या मगांतून दारू प्यायची. ज्यांचे देव होते त्यांना कुणी विचारलं होतं का, हे विचारू नका. लोबो नावाच्या एका साहेबानं ते वेड इथे आणलं, जिथे समुद्राचा वाराही पोचत नाही अशा गावात. वीस वर्षं चाललं, मग बुडालं, मग पडलं. आज तिथे काचेची इमारत आहे आणि तळमजल्यावर चष्म्याचं दुकान.

तर हा लोबो एक दिवस अमेरिकन मासिकातलं चित्र घेऊन पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, आला. नरसिंह यांचं घराणं पिढ्यानपिढ्या देवळांची दारं, पालख्या, मखरं कोरणारं. त्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हा कुठला देव?"

"देवबिव काही नाही. डेकोरेशन," लोबो म्हणाला.

"कुणीतरी याच्या पाया पडत असेल ना?"

"असेल बाबा. तिकडे लांब."

"मग देवच की."

काम घेतलं. मूर्ती घडवली, मगांचे साचेही करून दिले. पण डोळे उघडले नाहीत. त्यांच्या घराण्यात डोळे सगळ्यात शेवटी. मुहूर्त काढायचा, मूर्तीला न्हाऊ घालायचं, पुरोहित बसवायचा, समोर आरसा धरायचा, आणि मग बारीक छिन्नीनं पापणीची रेघ ओढायची. ती रेघ पडली की लाकूड नुसतं लाकूड राहत नाही. त्याला रोज सकाळी उठवायचं, रोज नैवेद्य दाखवायचा, एक दिवसही उपाशी ठेवायचं नाही. बारमध्ये हे कोण करणार? म्हणून नरसिंह यांनी डोळ्यांच्या जागी नुसते गुळगुळीत उंचवटे ठेवले, रेघसुद्धा मारली नाही. लोबोनं आरडाओरडा केला. "हे सगळं त्याच्या नजरेस पडण्यापेक्षा तो झोपलेला बरा," एवढंच बोलून नरसिंह हत्यारं गोळा करून घरी आले. पुढे गिऱ्हाइकांनीच त्याला नाव पाडलं, निद्दे माव. झोपाळू मामा.

इथवर ठीक होतं. पण त्याच वर्षी पेटेतल्या देवळाचा रथ नव्यानं कोरायचा निघाला. ज्या रथावर आजोबांनी काम केलं त्यावर आपला हात फिरावा, ही नरसिंह यांची एकच आस होती. समितीचे प्रमुख होते भीमाचार्य. ते भर सभेत म्हणाले, "ज्यानं दारूच्या दुकानात देवाचे डोळे उघडले, त्याची छिन्नी आमच्या रथाला लागणार नाही."

"मी उघडले नाहीत," नरसिंह म्हणाले. "चला, दाखवतो."

बारमध्ये जाणार कोण? एकही गेला नाही. न बघताच निकाल लागला. नरसिंह यांनी उरलेला जन्म लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं आणि पलंगांच्या उशाकडच्या फळ्या करण्यात घालवला. दर वर्षी रथ दारावरून जायचा तेव्हा ते मागच्या खोलीत जाऊन बसायचे.

आणि एक गोष्ट राहिली. त्या दिवसांत त्यांनी बायकोलाही म्हटलं होतं, "तू तरी चल. सकाळी चल, बंद असतं तेव्हा. एकदा तुझ्या डोळ्यांनी बघ." वसुमतीबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. "मी? बारच्या पायरीवर? माझ्या माहेरच्यांनी पाहिलं तर तोंड कुठे लपवू?" असं म्हणून त्यांनी भाकरी थापायला घेतली होती. पुन्हा नरसिंह यांनी विचारलं नाही.

बेळ्ळंदूरला पोचायला दोन तास लागले. रिंग रोडवर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या आणि वसुमतीबाई मागच्या सीटवर दातओठ खात होत्या. काव्यानं दोनदा पाण्याची बाटली पुढे केली, दोनदा ती परत आली.

त्याच जुन्या नावाचा नवा बार अजून उघडायचा होता. सकाळी फक्त प्रदर्शन. ते भरवणारा मल्हार तिशीचा, पुण्याचा, कंपनीतली नोकरी सोडून यात पडलेला. पोपटांचा शर्ट, गळ्यात लाकडी मणी. मूर्ती घडवणाऱ्यांच्या घरून कुणी आलंय कळल्यावर तो धावतच आला आणि वाकून पाया पडला. वसुमतीबाईंनी पाय मागे घेतले.

"आजी, मी इतका एक्सायटेड आहे! सहा वर्षं शोधतोय मी हे सगळं. जुन्या वेटरांच्या घरी गेलो, शिवाजीनगरच्या भंगारवाल्यांकडे गेलो. मूर्ती तर हेब्बाळला एका फार्महाउसमध्ये पावसात उभी होती, पायाला वाळवी! मी नसतो आणली तर जळणात गेली असती."

खोटं नव्हतं बोलत. भिंतीवर सगळं नीट मांडलं होतं. अननसाच्या आकाराची मेनूकार्डं, काडेपेट्या, वेताचं एक स्टूल, तोंडांचे तपकिरी मग. पोरानं जीव ओतला होता, आणि त्यानं वसुमतीबाईंचा संताप जास्तच वाढला. चोराला शिव्या देता येतात. प्रेमानं वाटोळं करणाऱ्याला काय द्यायचं?

त्या थेट मूर्तीपाशी गेल्या. पायाशी पाटी होती, इंग्रजीत. "वाच," त्या काव्याला म्हणाल्या.

काव्यानं घसा खाकरला. "कारागीर अज्ञात. मूर्ती अपूर्ण अवस्थेत सापडली. डोळे २०२४ मध्ये पूर्ण केले."

"अपूर्ण!" वसुमतीबाईंचा आवाज छताला लागला. "अपूर्ण म्हणे! अरे, जिभेवरचा एकेक कंगोरा घासलाय, नखं कोरलीत, कानाच्या पाळीला भोक पाडलंय, आणि डोळेच करायचे विसरला होय माणूस? तुला एकदा तरी वाटलं नाही, की हे मुद्दाम असेल?"

"आजी, ॲक्च्युअली आम्हाला वाटलं की बजेट किंवा टाइम कमी पडला असेल. आम्ही एकदम रिस्पेक्टफुली कम्प्लीट केलं. प्रोफेशनल माणूस बोलावला होता."

"आणि हे मग? यांना तरी कुठे आहेत डोळे?"

"ते वाटलं की ग्लेझखाली बुजले असतील."

"आणि हे?" वसुमतीबाईंनी भिंतीवरच्या फोटोंकडे बोट केलं. चाळीसएक फोटो होते. नवरा-नवरी, क्रिकेटचा संघ, बँकेतले साहेब, कुणाचा तरी वाढदिवस. सगळे त्या मूर्तीशेजारी उभे, पोटावर हात ठेवून, डोळे मिटून. निद्दे मावची नक्कल करत.

मल्हार ओशाळला. "ते... जुन्या कॅमेऱ्यांचा फ्लॅश जोरात असायचा ना, मला वाटलं..."

"चाळीस फोटोंत झाडून सगळ्यांचे डोळे फ्लॅशनं मिटतात होय रे? नवरीचेही आणि नवऱ्याचेही? देवानं तुला दोन उघडे डोळे दिलेत ते कशाला?"

काव्याला हसू फुटलं आणि तिनं ते लगेच गिळलं, कारण आईच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचंच पाणी, पण पाणी. तिनं मल्हारला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मुहूर्त, आरसा, पापणीची रेघ, लोबो, रथ, भीमाचार्य. मल्हार ऐकता ऐकता त्या वेताच्या स्टुलावर बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे तो त्यांचा पुरावा होता," तो म्हणाला. "आणि मी तो..."

"फोडलास," वसुमतीबाई म्हणाल्या. "भीमाचार्य खोटं बोलले होते. पन्नास वर्षांनी तू त्यांना खरं करून ठेवलंस. आता कुणीही यावं, बघावं, आणि म्हणावं, उघडले होते की हो डोळे! बारमध्ये उघडले होते!"

"मी बुजवून घेतो, आजी. भुसा आणि गोंद लावून, घासून, अगदी पहिल्यासारखं."

"खबरदार! उघडलेला डोळा बुजवायचा? म्हणजे आता त्याला आंधळा करणार तू? एक पाप केलंस तेवढं पुरे नाही का?"

मल्हार भिंतीकडे वळून म्हणाला, "फोटो आहेत ना पण. त्यांत तो झोपलेलाच आहे. तारखाही आहेत मागे. ते तर पुरावा आहेत."

तेही खरंच होतं. वसुमतीबाईंनी एकेक फोटो जवळून पाहिला. इतके लोक येऊन गेले होते. बँकेतले साहेब आले, क्रिकेट खेळणारी पोरं आली, साडीतल्या बायका आल्या, डोक्यावर पदर घेतलेली कुणाची तरी म्हातारी सासूसुद्धा आली. कुणाचं काही बुडालं नव्हतं. सगळ्या गावानं ती बंद पापणी पाहिली होती. न पाहणारे मोजकेच, आणि त्यांत आपण.

मग त्या मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच. नवऱ्याच्या हातचं एवढं मोठं काम त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पोटावरच्या बोटांची ठेवण ओळखीची होती. दुपारी जेवून आडवे झाले की नरसिंह असेच हात ठेवून झोपायचे. वसुमतीबाईंना पुन्हा राग आला, आधीच्यापेक्षा मोठा. इतकी वर्षं त्या भीमाचार्यांच्या नावानं खडे फोडत आल्या होत्या. उठता बसता, नातेवाइकांपुढे, भजनात, जिथे मिळेल तिथे. ते किती सोयीचं होतं!

"पाटी बदल," त्या एकदम म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर. मराठीत, कन्नडमध्ये, इंग्लिशमध्ये, तिन्हींत पाहिजे."

"सरी, आजी, लिहितो. तुम्ही सांगा." मल्हारनं लॅपटॉप आणला. "आजोबांचं पूर्ण नाव काय?"

वसुमतीबाईंनी आयुष्यभर त्यांना 'हे' म्हटलं होतं. रेशन ऑफिसातसुद्धा नाव दुसरं कुणीतरी सांगायचं. काव्यानं सवयीनं तोंड उघडलं.

"तू थांब," वसुमतीबाई म्हणाल्या. "मी सांगते. लिही. ही मूर्ती नरसिंह यांनी कोरली." नाव घेतल्यावर त्या जराशा थांबल्या, मग पुढे निघाल्या. "ती अपूर्ण नव्हती. त्यांनी डोळे उघडले नाहीत, कारण उघडायचे नव्हते. ते मल्हार नावाच्या इसमानं २०२४ साली उघडवले."

मल्हारची बोटं क्षणभर अडली, पण त्यानं ते लिहिलं.

"पुढे. देवळाच्या समितीनं त्यांच्यावर आळ घेतला. भीमाचार्यांनी त्यांना रथाचं काम दिलं नाही. ते म्हणाले, येऊन बघा. कुणी आलं नाही."

"झालं?"

"झालं कुठे? लिही. बायकोलाही म्हणाले, तू तरी चल. तीही आली नाही."

टकटक थांबली. "आई, हे कशाला?" काव्या हळूच म्हणाली. "लोक वाचतील."

"वाचायलाच पाहिजे. लिही म्हटलं ना!" वसुमतीबाई म्हणाल्या. "आणि नाव घाल तिचं. वसुमती, जयनगर, चौथा ब्लॉक."

"भीमाचार्यांच्या ओळीखाली घालू?" मल्हारनं विचारलं.

"खाली नाही, वर घाल. ते परके होते."