डावीकडचा आवाज

मुलीच्या पत्राला दादांनी अजून उत्तर लिहिलं नव्हतं. तसं पत्र अवघड नव्हतं. ‘फोनवर विचारलं की तुम्ही विचार न करता हो म्हणून मोकळे होता, म्हणून लिहून विचारतेय,’ अशी सुरुवात होती. बाळ रांगायला लागेल तेव्हा तिची रजा संपणार होती. मग दिवसभर बाळाला सांभाळायला बाबा येऊन राहतील का? आई असती तर विचारावंही लागलं नसतं, हेही एका ओळीत होतं.

वाचताना दादांना एकच चित्र दिसलं. बाळ एका खोलीत किंचाळतंय आणि आपण दुसऱ्याच खोलीत धावतोय.

त्यांचा डावा कान एका सकाळी दाढी करताना गेला होता. आधी बारीक शिटी, मग काहीच नाही. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं कान गेल्याचं सांगायचं, म्हणजे आपल्या पायांनी घरी जाऊन बसायचं.

पत्र येण्याच्या काही महिने आधी एका उंच इमारतीत काम होतं. तीन लिफ्ट शेजारी शेजारी, मध्ये भिंत नाही. दादा मधल्या लिफ्टच्या टपावर उभे होते. त्यांचा जोडीदार बाजूच्या दोन्ही लिफ्ट आळीपाळीनं आतून चालवून बघत होता. अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. लिफ्ट हलवण्याआधी ‘हलतेय!’ अशी हाक द्यायची आणि ‘हलू दे!’ असं उत्तर आल्याशिवाय कळ दाबायची नाही, हा त्यांचा रिवाज होता. कुठली लिफ्ट, ते कुणी बोलत नसे. हाक कुठून आली हे कळायचंच.

‘हलतेय!’

‘हलू दे!’ दादा सवयीनं म्हणाले. घरघर उजवीकडून आली, म्हणून ते डावीकडे सरकले. आणि डावीकडचीच लिफ्ट वरून खाली आली. तिनं त्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट उडवलं, खांदा सोलून काढला आणि खाली गेली.

पैलवान धापा टाकत आला. ‘जिवावर उदार झालात का दादा? माझ्याच बाजूला कशाला आलात?’

‘उजवीकडून आवाज आला रे.’

‘उजवीकडे काय भूत होतं?’

दादांनी टपावरच बसकण मारली. ‘डावा कान गेलाय माझा.’

पैलवान त्यांच्या शेजारी टेकला. मग म्हणाला, ‘आणि मला हलू दे म्हणत होतात.’

त्यानंच त्यांना तपासणीला नेलं. कान परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं कान तपासणाऱ्या बाईंनी समजावलं.

‘आवाज एका कानात किंचित आधी पोचतो, दुसऱ्यात किंचित नंतर. त्यावरून तुमचा मेंदू दिशा ठरवायचा. ते आता गेलं. पण मेंदू हात बांधून बसत नाही. उजव्या कानाकडून येणाऱ्या वाटा तो नव्यानं वापरायला लागतो. डावीकडचा आवाज डोक्याला वळसा घालून येतो ना, तेव्हा त्याची धार बोथट होते. ती धार ओळखायला मेंदू शिकतो.’

‘शिकेल कधी?’

‘महिने लागतील. पूर्वीसारखं नाही होणार. मान वळवून ऐकायची सवय लावा.’

दादा टपावरून उतरले ते उतरलेच. वर्कशॉपमध्ये दारांचे रोलर घासत बसू लागले. रस्त्यावर चालताना भिंतीला डावा खांदा लावून चालत. मागून हॉर्न वाजला की जागच्या जागी थिजत. कुठं सरकावं?

सुट्टीच्या दिवशी पैलवान घरी यायचा आणि स्वयंपाकघरातला टायमर कुठंतरी लपवायचा. दादा डोळे मिटून बसायचे. टायमर वाजला की बोट उजवीकडे. दर वेळी उजवीकडे.

‘बोटाला लकवा मारलाय का?’ पैलवान ओरडायचा. हसायचे दोघंही, पण दादांच्या पाठीला घाम असायचा.

मग कधीतरी बोट अडखळायला लागलं. मान आपसूक वळायला लागली. आवाज जाडा की टोकदार, भिंतीवर आपटून आलेला की सरळ, ते कळल्यासारखं वाटायचं, लगेच हुकायचं. एका दुपारी शेजारणीचं मूल जिन्यात पडून रडलं. दादा दाराबाहेर आले, थबकले, मान इकडून तिकडे फिरवली आणि डावीकडे धावले. मूल तिथंच होतं.

‘जमलं की!’ पैलवानाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला.

‘थबकलो होतो रे. तेवढ्यात काही झालं असतं तर?’

‘तेवढं तर दोन कानवाले आईबापही थबकतात.’

‘म्हणून पोरीच्या पत्राला हो लिहू?’

‘खरं लिहा. मला टपावरून हलू दे म्हणालात, तसं पोरीला नका म्हणू.’

दादांनी लिहिलं. कान गेल्याचं, लिफ्टचं, टायमरचं. शेवटी लिहिलं: ‘घरात मी बाळाला सांभाळीन. ते रडलं तर पोचेन, पण कधी क्षणभर उशिरा पोचेन. त्याला घेऊन रस्ता मात्र ओलांडणार नाही, तू सांगितलंस तरी. एवढं चालणार असेल तर बोलाव. नाही बोलावलंस तरी राग नाही.’

पोस्टाच्या पेटीत पाकीट सुटलं. दादांचा हात मात्र थोडा वेळ पेटीच्या तोंडातच होता.