साबणाने धुतलेला घाणा

मी ऑलिव्हचे तेल काढणारा एक जुना घाणा आहे. घाणा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गोल गोल फिरणारा बैल आला असेल. पण मित्रांनो, माझ्याभोवती माणसेच फिरत. माझ्या चौकटीतून एक जाड मळसूत्र खाली उतरते. त्याच्या डोक्यावर आडवी दांडी आहे, टोकाला दाबायचा जाड पाट आणि चौकटीच्या तळाशी ओतीव लोखंडाची गोल थाळी. थाळीवर एकात एक अशा गोल पन्हळी आहेत. तेल त्यांतून वाहत तोटीपाशी येई. बेजा शहरातल्या एका ओताऱ्याने मला घडवले आणि खेचरांच्या गाडीतून जब्बाच्या डोंगरावर पाठवले. ट्युनिशियातले हे गावच माझे जग.

थंडीत ऑलिव्ह पिकून काळे झाले की घराघरांतून पाट्या येत. भरडलेला लगदा गवताच्या गोल चटयांत भरून माझ्या थाळीवर त्यांची चवड रचत आणि तगडे गडी दांडीला लागत. पहिली धार लागली की भाकरीचा तुकडा बुडवून चाखायचा, हा रिवाज होता. ज्याला ठसका लागे तो खोकत खोकत हसे, कारण घशाला टोचणारे तेल म्हणजे अस्सल तेल. मला मात्र पुढचा क्षण सर्वांत प्रिय होता. दांडी उलटी फिरे, मळसूत्र वर सरके आणि छातीवरचा सगळा भार एकदम उतरे.

एका गोष्टीची मला लाज वाटे. वर्षानुवर्षे तेल पिऊन आणि शेजारच्या शेगडीची धग खाऊन माझ्या थाळीवर काळे, चकचकीत पुट चढले होते. गावातले लोक मला ‘काळ्या’ म्हणत.

पुढे खाली दरीत विजेची गिरणी आली आणि पाट्या तिकडे जाऊ लागल्या. माझ्या थाळीत कोंबड्या बसू लागल्या. माझा मालक हत्ताब रोज सकाळी तिथली अंडी उचलून नेई. तेवढाच आमचा संबंध उरला.

मग इश्राक आली. ती हत्ताबच्या बहिणीची मुलगी, शेतकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. जब्बाचे अंजीर मधासारखे गोड, पण त्याची साल कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. प्लास्टिकच्या खोक्यात त्याला घाम सुटतो आणि ट्युनिसच्या बाजारात पोहोचेपर्यंत खालची फळे फुटून लगदा होतो. फळे उकिरड्यावर जातात, खोकी ओढ्यात. इश्राकने गव्हाचा पेंढा राखेच्या पाण्यात शिजवला, धुतला, कांडला आणि तो ओला लगदा माझ्या थाळीवर पसरला. वर जाडेभरडे कापड टाकून तिने दांडी फिरवली. गच्चीवर वाळल्यावर त्याचे हलके, ताठ तबक झाले. माझ्या पन्हळी त्यावर उंचवटे होऊन उमटल्या होत्या. त्यांच्यावर ठेवलेले अंजीर घरंगळत नसे आणि त्याच्या खालून हवा खेळे.

हत्ताबने तबक उलटसुलट करून पाहिले. “कॉलेजात जाऊन पेंढ्याची ताटली शिकलीस? गाढवाला दे, आवडीने खाईल.”

“खाऊ दे की, मामा! प्लास्टिक खाऊन गाढव मरतं. हे खाऊन मरणार नाही.”

ट्युनिसच्या एका फळविक्रेत्याने तिला एक संधी दिली. शुक्रवारी एक खेप तबकांतून पाठवायची. फळे धड आली तर तो हंगामभर तबकांतलाच माल घेणार होता. हत्ताबनेही आपली अट सांगितली.

“माल धड पोचला तर घाणा तुझा. फुटला तर शनिवारी भंगारवाला. कोंबड्यासुद्धा कंटाळल्यात याला.”

इश्राकचा भागीदार होता वजदी, तिच्याच वर्गातला. त्याला स्वच्छतेचे भारी वेड. “खायची वस्तू ठेवायची, आणि तबक बनवायचं या काळ्या थाळीवर?” असे म्हणून तो बुधवारी सोडा, वाळू आणि साबण घेऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत मला घासत राहिला. चौकटीच्या पायाआड, जिथे त्याची बोटे पोचेनात, तेवढाच काळा ठिपका राहिला. बाकी मी आरशासारखा लखलखलो. मित्रांनो, खरे सांगतो, मला फार आनंद झाला. वाटले, आता कोणी काळ्या म्हणणार नाही.

इश्राकची आई दलीला भाकरी घेऊन आली आणि मला पाहून हसत सुटली. “वजदी, बाबा, तुला घरात घ्यायचं म्हणजे माझा तवा लपवायला हवा. त्याला साबण लावलास ना, तर तुलाच दोरीवर वाळत घालीन!”

गुरुवारी सकाळी पहिले तबक दाबले. मळसूत्र वर सरकले, पण तबक निघेना. सुरीने सोडवायला गेले तर मधोमध फाटले. दुसरेही फाटले. लगदा घट्ट करून पाहिला, पातळ करून पाहिला. तिसऱ्याचे तर तुकडेच हाती आले. बाहेर झाडांवर अंजीर पिकून वाकले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते तोडावेच लागणार होते. अंगणातून हत्ताबचा फोनवरचा आवाज आला, “हो, शनिवारी सकाळीच या. दोरखंड आणा, जड आहे.”

माझा आनंद कुठल्या कुठे गेला.

इश्राक वाकून माझी थाळी न्याहाळू लागली आणि चौकटीआड राहिलेला काळा ठिपका तिच्या नजरेस पडला. मग तिने बोट पाण्यात बुडवून लखलखीत थाळीवर एक थेंब सोडला. तो पसरला. दुसरा थेंब तिने त्या काळ्या ठिपक्यावर सोडला. तो मोत्यासारखा गोल उभा राहिला.

“आई,” ती हळूच म्हणाली, “तव्याला साबण का नाही लावायचा?”

“भाकरी चिकटते म्हणून. हे काय विचारणं झालं?”

“वजदी! आपण घाण नाही धुतली. आपण मुरलेला तवा धुतला!”

वजदीचे तोंड पाहण्यासारखे झाले. “मी तर चांगल्यासाठीच...”

“चांगल्यासाठी केलंस, आता चांगलं होईपर्यंत कर,” दलीला म्हणाली आणि तेलाचा बोळा तिने त्याच्या हातात दिला.

तापलेल्या लोखंडावर तेलाचा अगदी पातळ हात दिला की ते सुकून कडक होते आणि लोखंडाचा खडबडीतपणा झाकून टाकते. मग ओला लगदा त्याला चिकटत नाही. माझे काळे पुट म्हणजे हेच होते. त्याचीच मी जन्मभर लाज बाळगली! त्यांनी माझ्याखाली ऑलिव्हच्या काटक्या पेटवल्या. तेल लावायचे, पुसायचे, तापवायचे, पुन्हा लावायचे. दुपारी थाळी तपकिरी झाली आणि पहिले तबक अलगद सुटले. मग दांडी थांबलीच नाही. काही तबके तापलेल्या गच्चीवर वाळली, उरलेली भाकरीच्या भट्टीच्या उरल्यासुरल्या उबेत.

पहाटे देठासकट अंजीर तोडून गाडी निघाली. घाईत शेवटचे तबक माझ्या मळसूत्राखाली दाबलेलेच राहिले. ते छातीवर घेऊन मी वाट पाहत होतो. दुपारी फोन वाजला. इश्राकने माझ्या चौकटीला टेकून तो घेतला.

“अहो ताई, तुमच्या मालात एक खोट आहे,” फळविक्रेता म्हणाला.

“फुटले?”

“एकही नाही. पण निम्मे माझ्याच पोरांनी फस्त केले. उद्या जास्त पाठवा!”

इश्राक हसता हसता रडू लागली. शनिवारी भंगारवाला दोरखंड घेऊन आला, तेव्हा हत्ताब दारात आडवा उभा होता. “कसला जुना घाणा? आमचा कारखाना आहे हा. चहा घ्या आणि निघा!”

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण घासण्याआधी किंवा टाकून देण्याआधी त्यांच्यावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहा. डाग वाटतो तो कदाचित त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास असेल.

भंगारवाला गेल्यावर इश्राकला ते विसरलेले तबक आठवले. तिने दांडी उलटी फिरवली. मळसूत्र वर सरकले, छातीवरचा भार उतरला आणि तबक आपणहून तिच्या हातात आले.

“शाब्बास, काळ्या,” ती म्हणाली. त्या दिवशी ते नाव मला फार गोड वाटले.