सुलतानाच्या बागेतलं मागणं

चहाच्या किटलीचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठं घरातल्या अबोल्याला तडा गेला. नेझाकेतनं गॅस बंद केला, चहा मात्र ओतला नाही. नवरा जेलाल पाठमोरा बसून खोक्यांना दोरी बांधत होता. घरमालक इमारत पाडणार होता, महिन्याभरात खोली सोडायची होती. जेलालला इस्तंबूलच्या पार टोकाला, भावाकडे जायचं होतं. तिला बॉस्फरसच्या सामुद्रधुनीचा हा काठ सोडायचा नव्हता.

"मी महालाच्या बागेत जाऊन येते," ती म्हणाली. "आज हिदरेल्लेझचा सण आहे, मागणं मांडायचा."

"खडे मांडून घर मिळतं होय?"

"खोकी बांधून मिळतं का?"

पेलिनचा, पाच वर्षांच्या लेकीचा, हात धरून ती निघालीच.

ओढ्याच्या मुखाशी सुलतानाचा उन्हाळी महाल होता. सुलतान नावेतून यायचा तो दिवसापुरता, म्हणून आत झुंबरं आहेत, संगमरवरी शेकोट्या आहेत, पण निजायची खोली नाही. बागेतले गुलाब मात्र वस्तीतल्या बायकांचे. हिदरेल्लेझच्या, वसंतातल्या या संध्याकाळी त्यांच्याखाली खड्यांनी मागणं मांडायचं. मूल हवं तर खड्यांचा पाळणा, घर हवं तर घर. रात्री मागणं पुरवणारे हिझिर बाबा त्या वाटेनं जातात, तेव्हा पहाटेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. यंदा महालावर नवे साहेब आले होते. बाग मेजवान्यांना भाड्यानं जात होती आणि गुलाबांभोवती दोरखंड लागला होता.

"आब्ला, अगं ताई, आत जायचं नाही!" पहारेकरी तारकान धावत आला. "माझी नोकरी जाईल गं."

"माझं घर चाललंय. तुझ्या नोकरीला म्हणावं, रांगेत उभी राहा." नेझाकेतनं दोरखंड उचलला, पोरीला आत घातलं, मागोमाग स्वतः शिरली.

"लाथेनं उडवीन हं खडे!"

"उडव की. तुझ्या आईनं इथंच पाळणा मांडला होता, लग्नाला इतकी वर्षं होऊन कूस रिकामी म्हणून. माझी आई राखण करत बसली होती. तेव्हा कुणी लाथ मारली असती, तर आज ही शिट्टी गळ्यात घालून कोण मिरवलं असतं?"

तारकानचे कान लाल झाले.

पेलिननं गुलाबाखाली खड्यांच्या दोन खोल्या मांडल्या, खिडकीला शिंपला लावला. मेजवानीचे दिवे लागले. पायऱ्यांवरून साहेब ओरडले, "बाई, ही ऐतिहासिक वास्तू आहे!"

"आम्हीपण आहोत," नेझाकेत मान वर न करता म्हणाली.

"तुम्ही गेलात की झाडून टाकू."

"मग मी जातच नाही." तिनं शाल पसरली आणि पोरीला मांडीवर घेतलं. "सुलतानाला इथं झोपायचं सुचलं नाही. माझी लेक झोपेल."

साहेब तावातावानं खाली उतरू लागले. तारकाननं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा खड्यांकडे. मग टोपी सरळ केली आणि गुलाबाकडे पाठ करून तो वाटेत आडवा उभा राहिला.

"सरक बाजूला!"

"पहाटेपर्यंत नाही, साहेब."

नेझाकेतचा हात पोरीच्या पाठीवर थबकला. पेलिन मात्र त्या दोघांच्या डोक्यावरून उजळलेल्या महालाकडे बघत होती.

"आई, सुलतानाला एवढं घर हवं होतं, तेव्हा त्यानं कुठल्या गुलाबाखाली खडे मांडले होते?"