काचेतलं लुगडं

दादूने आयुष्यात कधी स्वतःच्या रुमालाला साबण लावला नव्हता. असा माणूस वाशीच्या दुकानात तासभर उभा राहून कपडे धुण्याच्या मशीनची उलटतपासणी घेतो, म्हटल्यावर त्याच्या बायकोला, गंगूला, संशय येणार नाही तर काय होणार!

दुकानदार बिचारा दोन टाक्यांचं मशीन दाखवत होता. एका टाकीत कपडे धुवायचे, मग हाताने काढून दुसरीत पिळायला टाकायचे. सत्त्याऐंशी साली सेक्टरात ज्यांच्याकडे मशीन होतं त्यांच्याकडे हेच होतं. पण दादूची नजर कोपऱ्यातल्या परदेशी मशीनवर खिळली होती. त्याचं तोंड वर नव्हतं, पुढे होतं, गोल काचेचं.

"ह्याच्यात मधी हात लावावा लागतो का?" दादूने विचारलं.

"अजिबात नाही. कपडे टाका, दार लावा, थेट पिळूनच बाहेर काढा. मधे उघडायचं म्हटलं तरी उघडणार नाही."

"मग ह्येच द्या."

"अवो, दार उघडत नाय तर आत काय चाललंय ते कलनार कसं?" गंगूने विचारलं.

"काच हाय ना. बघत बस."

गंगूला काही ते धड वाटेना. हात न लावता कपडे निघतात म्हणजे काय? कॉलर कोण घासणार? बरं, एवढ्या मोठ्या पोटाला म्हणे पाणी लागायचं चारच घोट! पण दादू ऐकायला तयार नव्हता. मशीन घरी आलं, मोरीच्या दाराशी बसलं आणि पहिल्याच दिवशी असं थडथडलं की खालच्या मजल्यावरचे मारोती जाधव बघायला वर आले.

इथवर ठीक होतं. नवरे हौसेने वस्तू आणतात आणि चार दिवसांत विसरतात. दादू विसरला नाही. दर शनिवारी तो एसटीने जासईला, आपल्या गावी, भावाकडे जायचा. रात्री परत यायचा तेव्हा हातात एक फुगलेली नायलॉनची पिशवी असायची. ती तो बाहेरच्या खोलीत ठेवायचा नाही, तडक मोरीत न्यायचा. आणि रविवारी सकाळी म्हणायचा, "गंगू, तू बाजार करून ये. मशीन मी लावतो."

"मी लावली तर झिजेल का?"

"तुला कशाला तरास? तू बस ना आरामात."

दहा वर्षांच्या संसारात या माणसाने तिला आरामात बस असं कधी म्हटलं नव्हतं. शिवाय बाजारातून यावं तर मोरीभर फिनेलचा वास, आणि तिच्या दोरीवर घरचेच दोन-चार कपडे. बाकीचे कुठे वाळायचे कोण जाणे.

शेजारच्या वेणूबाईंना कुठून तरी कुणकुण लागलीच. त्या सातारकडच्या, बोलायला फटकळ. "अगं, बाप्या आपणहून कापडं धुतोय म्हणजे काहीतरी लपवतोय. माझ्या मावसदिराचं असंच झालं. नीट लक्ष ठेव."

आता गंगूला झोप येईना. जासईला जातो असं सांगून हा जातो कुठे? खरं तर तिने स्वतः जासईला जाऊन बघितलं असतं तर एका फेरीत सोक्षमोक्ष लागला असता. पण जासईत तिची सासू होती, आणि सासूच्या उंबऱ्याला गंगूचे पाय लागून वर्षं उलटली होती.

ते असं झालं होतं. जासईत नव्या सुनेने घरादाराचं धुणं तळ्यावर न्यायचं अशी रीत. अख्ख्या गावच्या बायका तिथे असतात, आणि सून कशी आहे ते तिथल्या दगडावर ठरतं. गंगूने एकदा सगळं धुऊन, पिळून टोपलीत रचलं, तेवढ्यात सासू जाईबाई आली. तिने टोपलीतून आपलं लुगडं उचललं, एक शब्द न बोलता पाण्यात बुडवलं आणि सगळ्यांसमोर पुन्हा धुतलं. शिवी दिली असती तर गंगू विसरली असती. पण सुनेने धुतलेलं लुगडं सासूने परत धुवायचं, म्हणजे तोंडात मारण्याहून वाईट. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गंगूने तिथल्या तिथे गावदेवीची शपथ घेतली, की आजपासून या बाईच्या लुगड्याला हात लावणार नाही. वाशीला फ्लॅट झाला तेव्हा ती एकटीच मनापासून खूश होती.

शिमग्याच्या आधीच्या रविवारी गंगू पिशवी घेऊन बाजाराला निघाली आणि चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून जिन्याच्या वळणावर थांबली. थोड्या वेळाने दादू खाली उतरला. "लवकर आटप गो," असं तिलाच सांगून दाढीसाठी सलूनकडे गेला. तो कोपऱ्यावर दिसेनासा झाला आणि गंगू धावत वर आली.

मशीन चालू होतं. काचेत हिरवं काहीतरी गरगरत होतं.

गंगूकडे हिरवी साडी नव्हती. तिने दाराची मूठ ओढली, दार हलेना. वर दणादण बुक्के मारले. दुकानदाराने खरंच सांगितलं होतं. शेवटी ती काचेसमोर फरशीवर बसली. त्या हिरव्या साडीतल्या बाईला तिने मनात उभी केली, तिला नाक दिलं, डोळे दिले, तिच्या झिंज्याही उपटून झाल्या. एवढ्यात साडीचा काठ काचेवर येऊन चिकटला. तांबडा, जाड काठ. मागून आणखी कापड आलं, आणखी आलं. सहावारी असती तर कधीच संपली असती. हे नऊवारी लुगडं होतं, आणि हा काठ गंगूने तळ्यावर कितीदा घासला होता.

सवत नव्हती, सासू होती!

आधी जीव भांड्यात पडला. मग असा संताप आला की बोलायची सोय नाही. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, त्या बाईची लुगडी? ती येईल त्या शिव्या जुळवत बसली होती, तेवढ्यात इमारतीच्या टाकीचं पाणी संपलं. मशीन नुसतंच गुरगुरत राहिलं. जळेल या भीतीने गंगूने प्लग उपटला. जरा वेळाने खट्ट आवाज होऊन दार सुटलं आणि साबणाचं पाणी तिच्या पायांवर सांडलं.

त्या पाण्याला पावडरचा वास होता, आणि त्याच्या खाली दुसराही वास होता. ज्याने घरात आजारी माणूस बघितलंय त्याला तो वास कुणी सांगावा लागत नाही. लुगड्यासोबत जुन्या धोतराचे घडी घालून वापरलेले तुकडे होते. पिवळे डाग अजून गेलेले नव्हते. म्हातारी अंथरुणातच घाण करत होती, आणि हे गंगूला कुणी सांगितलं नव्हतं.

दार पुन्हा लावून बाजाराला निघून गेली असती तर दादूला काही कळलं नसतं. शपथही शाबूत राहिली असती. पण तिने पिंपातलं साठवणीचं पाणी बादलीत ओतलं, पदर खोचला आणि लुगडं बाहेर ओढलं. हात आपले कामाला लागले.

दादू आला तेव्हा ती लुगडं खळबळत होती. तो मोरीच्या दारातच थिजला.

"कदीपासून हाय ह्ये?" गंगूने वर न बघता विचारलं.

"गनपतीपासून. उठताच येत नाय आयसला. वहिनी म्हनते, सुना दोन हायत, मी एकटीनंच का काढायचं?"

"मना का नाय सांगितलं?"

"ह्या मशीनीत हात लावावा लागत नाय, म्हनून ह्येच घेतली. लुगडी गच्चीवर सुकवतो. तुजी शपथ बी मोडत नाय, नि आयस..."

"मी काय इचारलं?"

दादूने खाली बघितलं. "तू नाय म्हनशील असं वाटलं."

नवऱ्याच्या थापांना द्यायला गंगूकडे शंभर उत्तरं तयार होती. ही थाप नव्हती. चार महिने ती त्याच्यावर संशय घेत होती, आणि त्याने तर तिच्यावरच्या संशयापोटी अख्खं मशीन घरात आणून बसवलं होतं. बरं, तो चुकला होता असंही तिला म्हणता येईना. त्याने गणपतीत विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. तिला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि डोळ्यांना धार लागली. हात साबणाचे असल्यामुळे ते पुसताही येईनात.

"पुढल्या शनवारी मी बी येते जासईला," ती म्हणाली.

"कशाला?"

त्याने ते पटकन विचारलं, आणि विचारताना एक पाऊल पुढे आला, म्हातारीच्या नि तिच्या मधे उभं राहावं तसा. गंगूला ते लागलं.

"आयसला न्हाऊ घालायला," ती म्हणाली आणि पिळायला लुगड्याचं एक टोक त्याच्यापुढे धरलं.

दादूने टोक धरलं. पण पिळताना त्याचं लक्ष लुगड्याकडे नव्हतं. ती मनापासून म्हणतेय का, ते तो तिच्या चेहऱ्यावर बघत होता.