वच्छलाचं नाव मला लिहिता आलं नाही

मी हिब्रू टाइपरायटर आहे. वाशीम जिल्ह्यातल्या कामरगावात, रुख्मिणीबाईंच्या घरातल्या लोखंडी कपाटावरून बोलतोय. हिब्रू उजवीकडून लिहितात, म्हणून माझा गाडा उलटा सरकतो. इथल्या लोकांना त्याचं हसू येतं.

इस्राएलमधल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून मला मिल्का झिराडकरनं घरी आणलं. मिल्का बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. तिचे वडील एके काळी कामरगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिन चालवायचे. ती बारा वर्षांची असताना कुटुंब इस्राएलला गेलं. हिब्रू ती तिथं शिकली आणि हिब्रूतच कथा लिहू लागली. नऊ पुस्तकं तिनं माझ्यावर टाइप केली.

प्रत्येक पुस्तकात एक मुलगी विहिरीच्या पायऱ्या उतरायची आणि वर यायची नाही. "ही कोण?" असं वाचक विचारत. "कल्पना," मिल्का म्हणायची. मग घरी येऊन माझ्यासमोर नुसती बसायची. बोटं कळांवर, पण कळ दाबायची नाही. ओठांतल्या ओठांत मात्र मराठीत पुटपुटायची, "वच्छला." माझ्या बावीस अक्षरांत ते नाव नीट बसत नव्हतं. मिल्का त्याच सबबीच्या आडोशाला राहिली.

खरं तिनं एकदाच टाइप केलं. जिनिंगच्या विहिरीत मिल्काची बाहुली पडली, खालच्या पायरीवर अडकली. "तू उतर, तुले येते," असं तिनंच मैत्रिणीला सांगितलं. वच्छला घसरली, बुडाली. मिल्का घरी पळाली आणि कुणालाच काही बोलली नाही. ते पान तिनं फाडलं.

यंदा पंच्याहत्तरी ओलांडलेली मिल्का मला पिशवीत घालून इथं आली. वच्छलाची धाकटी बहीण रुख्मिणी अजून हयात होती. मिल्कानं तिला सगळं सांगितलं, अडखळत, साठ वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडीत.

रुख्मिणीबाई म्हणाल्या, "गावानं माह्या मायले, रंगूबाईले, बोल लावला. तिनंच पोरीले पाण्याले धाडलं म्हने. माय मरेपर्यंत तेच आयकत रायली. आन् तुमी तिकडं पुस्तकं लिवत रायल्या?"

"हो," मिल्का म्हणाली. "मले माफ कर."

"माफी मले नोका मांगू. गावाले सांगा. मायचं नाव घेऊन सांगा."

रुख्मिणीबाईंची नात पौर्णिमा मिल्काला हात धरून गावातल्या बुद्धविहारात घेऊन गेली. मलाही नेलं, मिल्का मला खाली ठेवायला तयार नव्हती. पुनवेची बुद्धवंदना झाली होती, माणसं बसलेली होती. मिल्का माईकसमोर उभी राहिली.

"रंगूबाईनं पोरीले पाण्याले धाडलं नव्हतं," ती म्हणाली. "मी धाडलं. बाहुलीसाठी."

एक म्हातारी उठून निघून गेली. बाकीचे बसून राहिले. रुख्मिणीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी निघताना मिल्कानं मला उचललं, तेव्हा रुख्मिणीबाईंनी पिशवीला हात घातला. "हे इथंच ठिवा. माही अक्का इतके वर्स याच्यातच होती ना?"

मिल्कानं पिशवी सोडली. तिनं पुढं काही लिहिलं की नाही, मला ठाऊक नाही.

कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर यंत्राशी बसू नका. ऐकणारं माणूस आहे तोवर त्याच्याकडे जा. मी तर नुसतं ऐकलं, आणि इतकी वर्षं कोणाच्या उपयोगी पडलो नाही.

रोज सकाळी रुख्मिणीबाई माझी धूळ पुसतात. कळांवरून फडकं अलगद फिरवतात आणि हळूच विचारतात, "अक्का, थंडी तं नाई वाजत ना वो?"